कळवतो

जनकगंजातल्या मंडळाच्या खोलीत
सकाळी दहाला बटण दाबायचं
आणि मग चार मिनिटं दहा सेकंद
काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ
नुसती उघडझाप करत राहायची.
अंबूताई खानवलकर तेवढ्यात
उदबत्ती लावायच्या, रजिस्टर झटकायच्या,
दारात आलेल्या मुलीकडच्यांना सांगायच्या,
"बसा हं, उठतोय तो."

वधू-वर सूचक. तीन जिल्हे, अकराशे स्थळं,
सगळी एका पत्र्याच्या डब्याच्या पोटात.

मला बोलावलं तेव्हा जानेवारी होता, धुकं इतकं
की ग्वाल्हेरचा किल्ला सकाळपासून गैरहजर.
मी हातमोजे काढले, झाकण उघडलं.
आधी व्हायरसवर आळ घेतला, रीतच आहे तशी.
मग मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या.
हार्ड डिस्क तपासली: वय झालेलं, पण धडधाकट.
न बोलावता उठून बसणारे नऊ प्रोग्राम
एकेक करून झोपवले.
चार मिनिटं आठ सेकंद.
ताईंनी गजकाचा तुकडा पुढे केला,
"दोन तर दोन. खा."

गजक तोंडात विरघळेपर्यंत मी काहीच केलं नाही,
म्हणून ऐकू आलं.
गर्रर्र. टक. गर्रर्र.
वरच्या खणातून.
डीव्हीडीचा ड्राइव्ह, दोन हजार आठचा,
हिरवा दिवा मिचकावत
रिकाम्या ताटलीवर काहीतरी शोधत होता.

असं असतं ताई, मी म्हणालो,
यंत्र जागं होताना घरातल्या प्रत्येकाला हाक मारतं.
कीबोर्ड ओ देतो, माउस ओ देतो,
डिस्कही देते, जरा खाकरून.
हा मात्र ना हो म्हणतो, ना नाही.
भिंगावर पंधरा वर्षांची धूळ.
थांबा, बघतो. परत बघतो.
आणि याचं बघून होईपर्यंत
बाकीची पंगत हात धुऊन बसलेली.

"म्हणजे कळवतो म्हणणाऱ्यांपैकी," ताई म्हणाल्या.
चश्मा काढून पदराने पुसला.
"नकार परवडतो रे. नकार आला
की त्याच संध्याकाळी दुसरी पत्रिका काढते मी.
कळवतो म्हटलं की मुलगी
नवा फोटोसुद्धा काढून देत नाही."

सेटिंग उघडलं, तर मानाचं पहिलं पान यालाच.
उचलून शेवटी बसवला.
तीन मिनिटं. शेवटच्यालाही विचारावं लागतंच.
मग कॉम्प्युटर बंद केला, दोन वायरी ओढल्या,
एक चपटी लाल, एक पिवळ्या-काळ्या तारांची.
खूप जोर लागेल असं वाटलं होतं.

अडतीस सेकंद.
उदबत्ती अजून ताईंच्या हातातच, न पेटलेली.

त्यांनी यादी उघडून पाहिली, आहे ना सगळं.
खाली खाली जाता एका ओळीवर माझं नाव आलं.
वय एकोणचाळीस, दौलतगंजात स्वतःचं दुकान.
शेरा: झाशीचे कळवतो म्हणाले.
तारीख दोन हजार सतराची.
मी स्क्रू मोजत बसलो. चारातला एक सापडत नव्हता.
ताईंचं बोट एका कळीवर बराच वेळ होतं.
मी पडद्याकडे पाहिलं नाही.

ड्राइव्ह मी काढून नेला नाही.
खण उघडा राहिला तर पाली शिरतात.
राहू दे जागेवर, कुणी विचारणार नाही त्याला.

निघताना ताईंनी सवयीने त्याचं बटण दाबलं.
दिवा लागला नाही. ताटली बाहेर आली नाही.
"बरं," त्या म्हणाल्या,
आणि दाराकडे वळून "या, या आत," म्हणून हाक दिली,
तर मुलीकडच्यांचे
अजून बूटही काढून झाले नव्हते.