दर किलोमीटर

शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग,
प्रत्येकाच्या पोटाशी एका घोड्याची मोटार,
आणि शेडबाहेर, पत्र्याच्या सावलीत,
पाचशे दहा घोडे
एकाच बॉनेटखाली.

नरसय्यानं पहिल्या दिवशी
हात पुसत तिला फेरी मारली,
वाकून बघितलं : जमिनीपासून जेमतेम चार बोटं.
म्हणाला, "हत्तुरे मॅडम,
एवढ्या घोड्यांत दिवसाला टॉवेल किती निघतील?"

मी हिशेब ठेवते. तेवीस वर्षं.
सूत, रंग, कांड्या भरणारीची मजुरी, बॉयलरचा कोळसा.
आता एक नवं पान :
भार्गवशेठ वंगारी, गाडी.

विमा, दोन लाख चौऱ्याऐंशी हजार.
मागची दोन टायरं, एक लाख सहा.
भार्गवशेठ म्हणतात झिजली,
नरसय्या म्हणतो जाळली;
अक्कलकोट रोडवर एमआयडीसीच्या वळणाला
काळी वेटोळी अजून आहेत.
सर्व्हिस, एक लाख अडतीस.
सर्व्हिसला ती आपल्या चाकांनी जात नाही,
ट्रकच्या पाठीवर, पट्टे आवळून, पुण्याला निघते
बाळंतपणाला माहेरी निघाल्यासारखी.
जाऊन-येऊन बावीस हजार.
पेट्रोल त्या मानानं किरकोळ,
बावन्न हजार तीनशे,
लिटरला साडेचार किलोमीटर,
सिग्नलला उभी राहूनही पितेच.

अकरा महिन्यांत धावली
दोन हजार एकशे चाळीस.
भागाकार मी दोनदा केला.
किलोमीटरला दोनशे एक्क्याऐंशी रुपये.
घसारा वेगळा.

सात रस्त्यावरून अशोक चौकात
सहाआसनी पंधरा रुपयांत सोडते,
सुट्टे नसले तर उद्या द्या म्हणते.

आसरा चौकातल्या गतिरोधकावर ती तिरकी होते,
आधी एक चाक, मग दुसरं,
गुडघे गेलेला माणूस जिना उतरतो तशी.
मागून कोथिंबिरीचा टेम्पो हॉर्न मारतो
आणि पुढे निघून जातो.

मार्चअखेर. कंटेनर निघून गेला
आणि त्याचं बिल माझ्या टेबलावरच राहिलं.
ड्रायव्हरचा फोन लागेना.
भार्गवशेठ म्हणाले, बसा.
बसायचं म्हणजे उतरायचंच होतं, आडात उतरावं तसं.
डबा मांडीवर, फाइल डब्यावर.

बोरामणीच्या पुढे हैदराबाद रोड मोकळा झाला.
"डोकं मागे टेकवा, मॅडम."

चार सेकंद.
पाठीला कुणी भिंत आणून लावली.
डबा पोटात शिरला.
बाभळी एकमेकींत मिसळल्या, दगडी बांध पाण्यासारखे वाहिले,
आणि मागांनी बधिर केलेला माझा डावा कान,
ज्याला फोनसुद्धा ऐकू येत नाही,
त्यानं तो आवाज ऐकला,
कानानं नव्हे बहुतेक, बरगड्यांनी.
मी काहीतरी ओरडले. आईच्या कानडीत.
काय, ते आता आठवत नाही.
भार्गवशेठ हसले. मग कळलं,
मी आधीपासूनच हसत होते.

कंटेनरवाला ढाब्यावर कांदा फोडत बसला होता.
बिल दिलं. त्यानं तेलकट बोटांनी घडी घातली.
येताना शेठनी गाडी हळू घेतली,
मीही काही बोलले नाही,
पदराला शेंगाचटणीचा डाग पडलेला, तो चोळत राहिले.

संध्याकाळी पान उघडलं.
चौतीस किलोमीटर, दोनशे एक्क्याऐंशीप्रमाणे
नऊ हजार पाचशे चौपन्न.
कुठल्या खात्याला टाकू?
बिल कारखान्याचं, माल कारखान्याचा,
टाकलं मालवाहतुकीत.
ऑडिटर विचारील तेव्हा विचारील.

नरसय्या दारात आला, सुताची पिंजर केसांत.
"कशी आहे?"
"महाग आहे," म्हटलं.
तो तसाच उभा राहिला,
मागचा माग कांडी संपून थांबला होता तरी,
मी आणखी काही सांगेन म्हणून.