अर्धा नफा

म्हापशाच्या बाजारामागं, जिन्याखाली माझं ऑफिस.
शुक्रवार होता, बाहेर चवरीसांवाली भांडत होती,
आणि कुंदाताई नार्वेकर आल्या
शिवोलीचं घर विकून.

राहतं घर पर्वरीचा फ्लॅट, मी विचारलं,
आणि शिवोली दुसरं, बरोबर?
"झोपते पर्वरीला," त्या म्हणाल्या.
मी लिहिलं : दुसरं.

दोन हजार एकची किंमत धरू. सुधारणेचा खर्च?
विहीर दोन हात खोल नेली. पावती नाही.
दर मे महिन्यात नळे परतले. पावती
कोण देतो त्याची?
मानकुराद लावला, तो धरता येत नाही.
आंबे तर खाल्ले असतील ना, मी हसत म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.

दोन वर्षांत नवं घर घेतलंत
तर करातून सूट आहे.
"एका बाईला किती घरं लागतात हो?"

मग तो रकाना आला, गोव्यातल्या नवराबायकोंचा :
नफा निम्मा तुमचा, निम्मा त्यांचा,
कागदावर लग्न आहे तोवर.
अठरा वर्षं बहारीनला असलेल्या माणसाचा
पॅन नंबर त्यांना तोंडपाठ होता.
एकाही अक्षराला अडखळल्या नाहीत.

उठताना पर्समधून किल्ली काढली.
"घेणाऱ्यांनी कुलूप बदललं.
ही कुठं दाखवायची?"

मी रकाने पाहिले, वर, खाली, मागच्या पानावर.
पंखा जोरात होता.
किल्ली कागदांवर ठेवली, उडू नयेत म्हणून.