इंदूबाई

सावद्याला केळी पिकवायची ही खोली.
भिंतीत थर्माकोल, दाराला रबर;
आवाज बाहेर जात नाही,
पिकलेला वास मात्र अजून गेला नाही.

फझचं पेडल टेनू फिरकेनं जोडलं,
टीव्ही दुरुस्तीवाल्यानं, स्टीलच्या डब्यात.
डब्यावर कोरलंय : सौ. इंदूबाई, रावेर, १९८७.
पाय दिला की कडाडते.
म्हणून आधी हात लावतो, कपाळाला नेतो,
मग पाय.

अँप घरघरायचा.
‘अर्थिंगच नाही ना भो,’ टेनू म्हणाला.
खड्डा खणला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी.
मे महिन्यात तो सुकतो,
घरघर परत.

मग कोणीतरी हेडफोन काढून
भर उन्हात बादली घेऊन जातं.
मी तारांवर तळवा ठेवून थांबतो,
जमीन पाणी पिईपर्यंत.