अकरा सेंटिमीटर

तेवीस वर्षं उदगीरहून लिफाफे पाठवले
रात्री नऊ दहाच्या लातूर गाडीनं,
ड्रायव्हर मोईनोद्दीनच्या हवाली करून.
तुरीचे भाव, न आलेलं नळाचं पाणी,
तीन नगराध्यक्षांचं एकच आश्वासन.
पैसे सेंटिमीटरवर. महिनाअखेरीस
बायको पट्टी घेऊन कात्रणं मोजायची.

संपादक म्हणायचे, बातमीत ‘मी’ नसतो.
मग मी ‘आमचा प्रतिनिधी’ झालो,
कधी नुसताच ‘असे समजते’.

आता नातीच्या उरलेल्या वहीत
स्वतःचं लिहायला बसलो
तर हात आधी गावाचं नाव टाकतो, मग तारीख,
आणि थांबतो.

देवणी रस्त्यावरच्या विहिरीचं लिहायचंय.
टेम्पो कठड्यासकट आत गेला, ती रात्र.
छापलेलं अजून पाठ आहे:
‘स्थानिकांनी मदतकार्य केले.’
स्थानिक म्हणजे शिवलिंग कोनाळे, त्याचे दोघं भाऊ,
आणि बाजेची नवार उसवून देणारी एक बाई,
जिचं नाव मी विचारलं नाही.
कमरेला दोर आवळत शिवलिंग म्हणाला,
‘सर, जरासक बत्ती धरा की.’
मी घड्याळ बघितलं.
नऊला सात कमी.
बत्ती दगडावर ठेवली, लुनाला किक मारली.

गाडी सापडली.
पहिलं पान, अकरा सेंटिमीटर.
आकडा तेवढा एकानं कमी पडला;
खुलासा दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर.

बायको चहा ठेवते, विचारते, किती झालं?
दोन शब्द, मी म्हणतो.
मी. बत्ती.
ती पट्टी आणायला उठत नाही.