पाण्याचा हात

मुंजाजीच्या मांडीतली सळई
दुसऱ्यांदा काढून माझ्या टेबलावर आली,
ओल्या गॉजमध्ये गुंडाळलेली,
खांबावरून उतरवलेल्या जळक्या फ्यूजसारखी.
लेबलवर : वायरमन, वय एकेचाळीस.
पहिली अकरा महिने टिकली होती, ही सात.

बोटाला काहीच लागत नाही. गार, चमचमती.
खरवडून काचेवर घेतलं, जांभळा रंग दिला
की दिसतात घोसच्या घोस,
एकमेकांना बिलगून, वर बुळबुळीत गोधडी ओढून,
औषधानं कडी वाजवली तर
घरी कुणी नाही म्हणणारे.

एकोणीस वर्षं मी अंबाजोगाईत हेच खरवडते आहे.

आमचा स्टँड बघा.
परळीची गाडी फलाटाला लागायच्या आत
खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी,
एकदा तर रांगतं पोर आत सोडलेलं.
दारातून चढणारा वर पोचतो तेव्हा
सगळ्या सीटा धरलेल्या.
हाडाच्या पेशी दारातून येणाऱ्या.
हळू, सामान सांभाळत.
जंतू खिडकीतून.

आणि रुमालही आपलाच असतो.
रक्तातलं जे प्रथिन धातूवर आधी पसरतं
पेशीला धरायला काही असावं म्हणून,
त्यालाच हे लोंबकळतात,
त्याचंच बोट धरून पेशीच्या आत शिरतात.
मग शोधा.

डॉक्टर नुजहत इनामदार म्हणाल्या,
मारून मारून आपणच यांना तालीम दिली.
आता मारायचं नाही.
बसूच द्यायचं नाही.
कसं, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

कँटीनमध्ये द्वारकाबाई दूध तापवायला ठेवत होत्या.
कोरड्या पातेल्यात ओतलं की बुडाला धरतंय बगा,
आधी पाण्याचा हात फिरवावा.
नुजहत मॅडमच्या हातातल्या चहावर साय आली,
त्या पातेल्याकडेच बघत राहिल्या.

पुढचं दीड वर्ष
पाणी धरून ठेवणारा एक लेप,
केसाच्या हजाराव्या हिश्शाइतका पातळ.
कोऱ्या चकतीवर मोजताना माझे डोळे गेले.
लेपाच्या चकतीवर सात.
पुन्हा केलं. नऊ.
तिसऱ्यांदा एका कडेला लेप सुटला होता
आणि तिथे, नेमका तिथेच, सगळा बाजार भरलेला.

पेढे आणायला निघालेला शिपाई मी परत बोलावला,
कारण हाडाच्या पेशीही त्यावरून घसरल्या.
ज्यांच्यासाठी जागा राखली
त्यांनाच बसता येईना.
आता लेपात मधूनमधून एक खूण सोडतोय,
पेशीच्या ओळखीची,
जंतूला जिचा काही उपयोग नाही अशी.
कधी जमतं. कधी महिनाभर काहीच जमत नाही.
मागच्या आठवड्यात लोडशेडिंगनं
इनक्यूबेटर थंड पडला, सगळं फेकलं.

मुंजाजी रिपोर्ट न्यायला स्वतःच आला,
पायाला बाहेरून लोखंडी पिंजरा, काखेत कुबडी.
"ह्याला काय चिकटलालंय म्हणाव, म्याडम?"
मी सूक्ष्मदर्शकाखालची काच दाखवली.
खांबावरची तार खालून न्याहाळावी तसा
एक डोळा मिटून तो कितीतरी वेळ बघत राहिला.

लेपाचं सांगितलं त्याला.
तुझ्या पायापर्यंत पोचेलच असं नाही, हेही सांगितलं.
तो जराही हळहळला नाही.
म्हणाला, आमच्यात बी असंच हाय.
फेकून देतंय ते करंट बरं.
धरून ठेवतंय ते वाईट.

रिपोर्टावर मी लिहिलं : वाढ भरपूर.
त्यानं कागदाची चौपदरी घडी केली,
शर्टाच्या खिशात सरकवली.
दोन वर्षं खांबावर चढला नाही तो,
खिशात टेस्टर अजून होता.