गाढवाच्या पोटाखाली

जून लागला की लीमावर एक गाढव येऊन उभं राहतं.
आभाळाचा रंग गाढवाच्या पोटासारखा, असं आम्ही म्हणतो,
आणि ते ऑक्टोबरपर्यंत हलत नाही,
शेपूटसुद्धा नाही.
त्या पोटाखालून मी रोज साडेसहाला निघतो
मफलर गुंडाळून,
डॉक्टरणीला दिलेल्या शब्दाखातर.

आमच्या माग्दालेनात छत्रीचं दुकान नाही.
छपरांना उतार नाही, पन्हळ नाही.
पाऊस पडतच नाही, तरी फरसबंदी ओली,
बाकं ओली, चौकातल्या अ‍ॅडमिरलचं नाक ओलं,
कपाटात माझ्या लग्नाच्या बुटांवर हिरवी लव.
याला आम्ही गारुआ म्हणतो.
ते पडत नाही. नुसतं असतं.
चष्म्यावर येऊन बसतं,
पुसायला जावं तर रुमालही तितकाच दमट.

तेवीस वर्षं बसच्या दारात लोंबकळून
मी थांब्यांची नावं ओरडलो.
घसा तिथेच कुठेतरी राहिला.
पाय मात्र अजून प्रत्येक कोपऱ्यावर
अर्धं पाऊल अडखळतात,
कुणी उतरणार असल्यासारखे.

धुक्यात माणूस आधी ऐकू येतो.
खोकला म्हणजे अनिसेतो.
किल्ल्यांचा जुडगा म्हणजे चर्चचा रखवालदार.
फरशीवर नखांची टकटक म्हणजे ओब्दुलियाबाईंचं कुत्रं;
त्याला स्वेटर आहे, माझ्यापेक्षा बरा.
"आज जरा जास्तच, नाही?"
"कालच्याइतकंच."
नऊ वर्षं एवढंच बोलतो आम्ही,
आणि मध्ये अनिसेतो आठवडाभर ऐकू आला नाही तेव्हा
कुणाचंच पाऊल नीट पडेना.
(दाढ काढली होती.)

कोपऱ्यावर ग्लोरिंदाची गाडी,
जवस, सातू आणि कसला कसला पाला उकळतोय.
ती विचारत नाही, लिंबू पिळते.
पेला दोन्ही हातांत धरला
की पुढचे दोनशे मीटर बोटं माझी असतात.

एदुविखेस डोंगरातली, आयाकुचोच्याही वरच्या अंगाची.
तिकडे वीज पडली तर कोणत्या बैलावर, हे गावाला पाठ.
एकोणिसाव्या वर्षी इथे आली
आणि पहिला हिवाळा जागून काढला,
वर आत्ता वाजेल, मग वाजेल म्हणत.
"भिजवतं आणि आवाज करत नाही,
दार न वाजवता घरात शिरणाऱ्यासारखं,
ही कसली रीत?"
शेवटपर्यंत या हवेशी तिचा अबोलाच राहिला.

एका रविवारी मी गच्चीवर पत्रा टाकला
आणि शिडीवर चढून
बादलीभर मका वरून ओतला.
ती हात पुसत वर आली.
बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिली.
"या गारा झाल्या," म्हणाली.
"पाऊस बारीक असतो. पुढच्या वेळी तांदूळ आण."
मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून
कबुतरं यायच्या आत दाणे वेचत बसलो,
आणि ती हसत होती, पदर नसलेल्या बायका हसतात तशी,
तळहाताच्या मागे.

तांदळाचं राहून गेलं.
महाग होता त्या वर्षी. मग दुसरंच काही निघालं.

कड्याच्या टोकाशी माझा रस्ता संपतो.
खाली समुद्र असतो म्हणतात;
चार महिने मी तो शब्दावर घेतो.
दिसत काही नाही, पण लाट परतताना
किनाऱ्यावरचे गोटे ओढत नेते,
हजारो, लहान लहान,
एकमेकांवर घासत, उतारावरून.
बारीक. खूप बारीक.

कठड्याला हात लावून उभा राहतो.
लोखंडही घामेजलेलं.
गाढव वर श्वास घेतं.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी डॉक्टरीण
कागदावर पावलं मांडते, भुवया उचलते.
"वाटेत थांबता का?"
मी म्हणतो, फक्त थांब्यावर.