बाकी

रात्रीचे साडेअकरा. सयाजीगंज, चौथा मजला.
रुबी कुरकुरते: ओळ बेचाळीस,
‘बाकी’ला किंमत दिलीत, वापरली कुठेच नाही.

खाली सेवउसळवाला पातेलं घासतोय.

या भाषेत ‘परत दे’ म्हणावं लागत नाही.
शेवटची ओळ जे बोलेल तेच परत जातं;
वरचं गणित आतच विरतं.

दुपारी यशोधनदादाला फोन केला.
आईच्या डोळ्याचं बोलले, ऑपरेशनच्या पैशांचं,
चाचरत त्याच्या वाट्याचंही.
“बरं,” तो म्हणाला. “बाकी?”
माझ्या तोंडून गेलं, “बाकी काही नाही.”
त्याला तेवढंच पोचलं.

बेचाळिसावी ओळ खोडता आली असती.
मी नावाआधी नुसता अंडरस्कोअर लावला.

आता यंत्रही विचारत नाही.